फाइल कुणाच्या टेबलावर आहे?

इंग्लंडमध्ये घर घेणारा आपला माणूस शाळांचे रिपोर्ट तोंडपाठ करतो, मॉर्गेजच्या पाव टक्क्यासाठी रात्री जागवतो आणि सॉलिसिटर मात्र इस्टेट एजंट सांगेल तो धरतो. रेडिंगमध्ये पहिलं घर पसंत केलं तेव्हा एजंटानं अशीच एक फर्म सुचवली होती. फी कमी, ॲपवर सगळी माहिती, 'घर मिळालं नाही तर फी नाही' असा वायदा. त्या फर्मपायी ते घर हातचं गेलं, म्हणून हे लिहितो आहे.

एजंटाच्या शिफारशीमागे बऱ्याचदा कमिशन असतं. ते उघड करणं त्याच्यावर बंधनकारक आहे, पण आपण विचारल्याशिवाय ते कागदाच्या तळाशी बारीक अक्षरातच राहतं. कमिशन घेण्यात गैर काही नाही; पण घाऊक भावानं कामं घेणाऱ्या अशा फर्ममध्ये आपली फाइल एका माणसाकडे राहत नाही. आमची फाइल बघणारी मुलगी मध्येच नोकरी सोडून गेली. नव्यानं आलेल्यानं तेच पासपोर्ट, तीच बँक स्टेटमेंट पुन्हा मागितली. फोन केला की संगीत ऐकायचं. विक्रेत्याच्या सॉलिसिटरनं कराराचा मसुदा कधीच पाठवला होता. त्यावरचे प्रश्न आमच्या बाजूनं गेलेच नव्हते, हे आम्हाला एजंटाकडून कळलं. तोवर दुसऱ्या कुणीतरी जास्त किंमत देऊ केली आणि विक्रेता फिरला.

पुण्या-नाशिकात घर घेतलेल्यांना हे पटकन पचत नाही. तिकडे इसार दिला, साठेखत झालं की शब्दाला आधार मिळतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑफर मान्य झाली तरी 'एक्स्चेंज'पर्यंत, म्हणजे दोन्हीकडच्या सह्यांचे करार अदलाबदल होईपर्यंत, कुणीच कुणाला बांधलेलं नसतं. विक्रेता फिरला तर कायद्यानं त्याचं काही चुकत नाही. आपले सर्व्हेचे आणि सर्चचे, म्हणजे घराबाबतच्या नोंदी तपासण्याचे, पैसे मात्र बुडतात. 'घर नाही तर फी नाही' यात सर्चचे पैसे सहसा येत नाहीत. तेव्हा सॉलिसिटरचा वेग ही चैन नव्हे, एक्स्चेंज होईतो तेवढंच काय ते संरक्षण. (स्कॉटलंडची रीत वेगळी आहे, तिथल्यांनी हे सरसकट लागू करू नये.)

दुसऱ्या वेळी आम्ही घर शोधण्याआधी सॉलिसिटर शोधली. ऑफिस गावातच, एका दुकानाच्या माडीवर. फी पहिल्या फर्मपेक्षा काहीशे पौंडांनी जास्त. काम देण्याआधी विचारायचं ते असं: माझी फाइल नेमकं कोण बघणार आणि ती व्यक्ती रजेवर गेली तर कोण? माझ्या मॉर्गेज देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवर तुम्ही आहात का? (नसाल तर बँक स्वतःचा वकील नेमते आणि खर्च वाढतो.) सर्च, लँड रजिस्ट्री, बँक ट्रान्सफर धरून एकूण आकडा लेखी द्याल का? स्वस्त कोटेशनमध्ये लीजहोल्डचे वेगळे, भेट म्हणून आलेल्या पैशांचे वेगळे, असे आकडे मागाहून उगवतात. सॉलिसिटर असेल तर सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीच्या आणि लायसन्स्ड कन्व्हेयन्सर असेल तर कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सच्या यादीत नाव आहे का, हे स्वतः तपासावं. दोघंही हे काम करू शकतात. पदवीपेक्षा फोन कोण उचलतं याला मी जास्त किंमत देतो.

आपल्या लोकांची गाडी हमखास अडते ती पैशांच्या उगमावर. बाबांनी नाशिकचा प्लॉट विकून आम्हाला मदत केली. सॉलिसिटरनं विचारलं, हे पैसे त्यांच्याकडे कुठून आले? बाबा फोनवर उखडलेच. "अरे, तीस वर्षं बँकेत नोकरी केली मी, आणि ही बाई मला विचारते पैसे कुठले?" मनी लाँडरिंगच्या कायद्यानं तिला विचारावंच लागतं, हे त्यांना पटायला वेळ लागला. मग खरेदीखत, इंडेक्स टू, खात्याचे उतारे आणि 'ही रक्कम भेट आहे, घरावर माझा हक्क नाही' असं पत्र, एवढं सगळं गेलं. त्यातले मराठी कागद प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह द्यावे लागले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं भारतात राहणाऱ्याला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच बाहेर पाठवता येतात. रक्कम मोठी असेल तर टीसीएसही आधी कापला जातो आणि विवरणपत्र भरल्यावर वळता होतो. तेव्हा ही जुळवाजुळव घर बघायला लागण्याआधीच करून ठेवा.

सॉलिसिटर घर बघायला येत नाही, हे बऱ्याच जणांच्या ध्यानातच येत नाही. तिच्यासमोर कागद असतात, घर आपण पाहिलेलं असतं. आमच्या घराला मागे एक वाढवलेली खोली होती. तिचे फोटो आम्ही पाठवले, तेव्हा तिनं काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलचा पूर्णत्वाचा दाखला मागितला. तो नव्हताच. विक्रेत्याकडून लगेच उत्तर आलं, इन्डेम्निटी विमा काढून देतो. ती म्हणाली, "काउन्सिलनं कारवाई केली तर हा विमा पैसे देईल, छत खचलं तर देणार नाही. आणि तुम्ही स्वतः काउन्सिलला फोन केलात तर विमा मिळायचाच नाही. आधी तुमच्या सर्व्हेयरला त्या खोलीच्या छताची तुळई बघू दे." तुळई ठीक निघाली, मग विमा विक्रेत्याच्या खर्चानं घेतला. ॲपवरच्या हिरव्या टिकांमधून असा सल्ला मिळत नाही. लँड रजिस्ट्रीच्या नकाशावरची लाल रेघ आपल्या कुंपणाशी जुळते का, हेसुद्धा आपणच जाऊन बघायचं आणि तिला कळवायचं.

फ्लॅट असेल तर लीजची किती वर्षं उरली, हे पहिल्याच दिवशी विचारा. ८० वर्षांच्या खाली गेलेली लीज वाढवणं आजवर फार महाग पडत आलं आहे.

रोज फोन करून सॉलिसिटरचा जीव खाऊ नये. प्रश्न साठवून आठवड्यातून एक मेल, क्रमांक घालून. आणि तिनं काही मागितलं की त्याच दिवशी पाठवायचं. एक्स्चेंजला साधारण १० टक्के रक्कम जाते आणि त्यानंतर माघार घेतली तर ती बुडते. घराचा विमाही कम्प्लिशनपासून, म्हणजे ताबा मिळतो त्या दिवसापासून नव्हे, एक्स्चेंजपासूनच सुरू करून ठेवावा. काम रखडलं तर आधी फर्मकडेच लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर लीगल ऑम्बुड्समनकडे जाता येतं.

आणि पैसे पाठवायच्या दिवशी 'आमचं खातं बदललं आहे' असा मेल आला तर एक पौंडही पाठवू नका. असे मेल भामटे पाठवतात, हुबेहूब सॉलिसिटरच्या नावानं. पहिल्या भेटीत कागदावर घेतलेल्या नंबरवर फोन करा, खाते क्रमांक तिच्या तोंडून ऐका आणि मगच बटण दाबा.