पहिली सायकल कुठून घ्यावी?

साखर किंवा बीपी वाढलेल्यांना आम्ही चालायला सांगतो, तसं सायकल चालवायलाही सांगतो. मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. कामावर सायकलने गेलं तर ही मिनिटं वेगळी काढावी लागत नाहीत, रिक्षाचे पैसेही वाचतात. मग प्रश्न येतो, "ताई, सायकल घ्यायची कुठून?" आमचं उत्तर असं : जिथे बसून बघता येते, पावती मिळते आणि पुढे दुरुस्ती होते, तिथून.

नवी घेताना जवळचं सायकलचं दुकान पाहा. सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, म्हणून पक्कं बिल मागा. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवा. गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा. सीट फार खाली असेल तर गुडघे दुखतात, फार वर असेल तर कंबर. पोरं वाढती आहेत म्हणून दोन वर्षं पुढची सायकल घेऊ नका. पाय टेकत नाही ते पोर वाहनांच्या गर्दीत पडतं.

ऑनलाइन सायकल खोक्यात अर्धवट जोडलेली येते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे माहीत नसलं की जोर लावून तेच खराब होतात. नवशिक्याने स्वतः जोडू नये, दुरुस्तीवाल्याकडून जोडून घ्यावी. ती मजुरी किमतीत धरा.

जुनी घ्यायला कमीपणा नाही. पंक्चर काढणाऱ्या दादांकडे बरेचदा दुरुस्त केलेली सायकल मिळते. चाक उचलून फिरवा, रिम डुलते का बघा. दोन्ही ब्रेक दाबा. फ्रेमच्या सांध्यांना तडा किंवा नवं वेल्डिंग असेल तर सोडून द्या.

पण अर्ध्या किमतीत, बिनपावतीची, अनोळखी माणसाकडून घेऊ नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. माहीत नव्हतं, हे चौकीत पटवून देणं आपल्या पोरांना किती जड जातं, ते वस्तीला सांगायला नको. म्हणून साध्या कागदावर विकणाऱ्याचं नाव, मोबाइल, तारीख, किंमत, सही आणि फ्रेमचा नंबर लिहून घ्या. नंबर बहुधा पायडलच्या सांध्याखाली किंवा सीटखालच्या नळीवर ठोकलेला असतो.

शाळेतल्या मुलींसाठी : तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमात असेल, तर खरेदीआधी मुख्याध्यापकांना भेटा. शाळा लांब असलेल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना त्यातून सायकलसाठी अनुदान मिळतं.

तब्येतीचं : छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात साखर ठेवावी, पायात बंद चप्पल-बूट घालावेत.

घरात एकच सायकल येणार असेल, तर सीट आईच्या आणि मुलीच्या मापाला खाली येते का, हे दुकानातच बघून घ्या. नाहीतर ती एकट्या पोराचीच होऊन बसते.