नको असतानाही हात तिकडेच का जातो?



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३६ ते ४३.

पोथी उघडण्याआधी एक कबुली देतो. मी अकोल्याचा. अमरावतीला इंजिनिअरिंगला होतो तेव्हा मला खर्रा लागला. पुण्या-मुंबईच्या मंडळींना माहीत नसेल, म्हणून सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन घोटतात, त्याला आमच्याकडे खर्रा म्हणतात. रोज सकाळी मी गीतेचा एक श्लोक वाचायचो आणि वाचन झालं की बॅगेच्या बाजूच्या कप्प्यातली पुडी काढायचो. मायला सगळं माहीत होतं. ती एकदाच म्हणाली, "पोथीले हात लावतं, त निदान हात त धुऊन लावत जाय."

चार वर्षांनी दाढ दुखली म्हणून दंतवैद्याकडे गेलो. त्यांनी दाढ नंतर पाहिली. आधी म्हणाले, तीन बोटं उभी जोडा आणि तोंडात घाला. माझी दोनच गेली. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होत जाते, तोंड उघडणं कमी होतं आणि पुढे त्याच जागी कॅन्सर होऊ शकतो, हे त्यांनी शांतपणे समजावलं. मी घाबरलो. डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच संध्याकाळी ठेल्यावर जाऊन मी खर्रा खाल्ला.

माहिती होती, भीती होती, पोथीही होती. तरी हात गेलाच.

अर्जुनाचा प्रश्न

३६ व्या श्लोकात अर्जुन नेमकं हेच विचारतो. काय चांगलं आणि काय वाईट, हे त्याला कळतं. त्याची अडचण पुढची आहे. माणसाची इच्छा नसते, तरी कोणीतरी बळजबरीने ओढत नेल्यासारखा तो पापाकडे जातो. हा ओढणारा कोण?

गंमत बघा, आपण एकमेकांना सुधारायला जातो तेव्हा अर्जुनाचा प्रश्न विसरतो. समोरच्याला कळत नाही असं धरून चालतो. मग पाकिटावरचं चित्र दाखवतो, भाषण देतो, नाहीतर शिव्या घालतो. पण बहुतेक वेळा त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असतं. रात्री तोच जागा असतो ना!

भगवंत उत्तर देतात: हा काम आहे, हाच क्रोध आहे, रजोगुणातून जन्मलेला, कितीही दिलं तरी न भरणारा. काम म्हणजे इथे फक्त वासना नाही. 'मला हे आत्ता पाहिजे' अशी प्रत्येक ओढ म्हणजे काम. ती अडवली की तीच क्रोध होते. कोणाचा फोन काढून घेऊन बघा, लगेच कळेल.

शत्रू बसतो कुठे?

४० व्या श्लोकात त्याचे तीन अड्डे सांगितले आहेत: इंद्रियं, मन आणि बुद्धी. माझ्याच उदाहरणावर लावून पाहतो.

इंद्रियं: ठेल्यावरचा तो घोटण्याचा आवाज ऐकला की जिभेला पाणी सुटायचं.

मन: समोर काहीच नसतानाही चार वाजले की आठवण यायची. सबमिशनचं टेन्शन आलं की आठवण, मित्र भेटला की आठवण.

बुद्धी: हा सगळ्यात वाईट अड्डा. कारण ती वकिली करते. 'आज शेवटचा.' 'मामा साठ वर्षांचे झाले, त्यांना कुठे काय झालं?' 'निदान दारू तर पीत नाही.' जिने थांबवायचं, तीच कारणं पुरवते. शत्रूने पहारेकऱ्यालाच आपल्या बाजूला घेतलं, तर राजवाडा वाचेल कसा?

म्हणूनच नुसती माहिती पुरत नाही. माहिती जिथे जाऊन बसते, त्या बुद्धीच्या खुर्चीवर आधीच काम बसलेला असतो.

आरशावरची धूळ

३८ व्या श्लोकात तीन दाखले आहेत. धुराने अग्नी झाकतो, धुळीने आरसा झाकतो आणि वारेने गर्भ झाकतो. काही भाष्यकार या तीन पायऱ्या मानतात. धूर फुंकरीने जातो, धूळ हाताने पुसावी लागते, गर्भाला मात्र वेळच द्यावा लागतो.

तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. आत जे झाकलंय ते बिघडलेलं नाही. आरसा चांगलाच आहे, त्याच्यावर धूळ बसली आहे. मी वाईट आहे आणि माझ्यावर मळ बसलाय, या दोन वाक्यांत फार फरक आहे. पहिल्यातून निराशा येते, दुसऱ्यातून हातात झाडू येतो.

वऱ्हाडातला झाडू

आणि झाडू म्हटलं की आमच्या वऱ्हाडात एकच नाव आठवतं: गाडगेबाबा.

डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. वडील दारूपायी गेले तेव्हा डेबूजी लहान होता. आई त्याला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. तिथे मामाकडे गुरं राखत, शेतात राबत तो मोठा झाला. दारू घराचं काय करते, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

लग्न झालं, पहिली मुलगी झाली. बारशाला जातभाईंना दारू आणि मटणाचं जेवण घालायचं, अशी रीत होती. डेबूजीने ती मोडली. पण कशी मोडली ते बघा. दारू नाही, मटण नाही, असं सांगून त्याने पंगत उपाशी उठवली नाही. त्याने गोडाचं जेवण वाढलं. नातेवाईक चिडले, नावं ठेवली. तरी पानात काहीतरी होतं, आणि ते गोड होतं.

आता गीतेचाच दुसरा अध्याय, ५९ वा श्लोक आठवा. उपाशी राहिलं तर विषय दूर होतो, पण त्याची गोडी आत राहते. ती गोडी त्याहून श्रेष्ठ काही दिसलं तरच जाते. दापुऱ्याच्या त्या पंगतीत मला हाच श्लोक दिसतो. रिकामं पान फार वेळ रिकामं राहत नाही. आपण चांगलं वाढलं नाही, तर जुनंच परत येऊन बसतं.

पुढे १ फेब्रुवारी १९०५ ला डेबूजीने घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात झाडू, जेवायलाही आणि डोक्यावर ठेवायलाही तेच मडक्याचं गाडगं. गावात आले की आधी भाषण नाही. आधी रस्ता, गटार, देवळाचा परिसर झाडायचा. दिवसभर हा अनोळखी माणूस आपली घाण उचलतोय हे गाव बघायचं. कोणी लाजून मदतीला यायचं, कोणी नुसतं उभं राहायचं. संध्याकाळी मात्र सगळे कीर्तनाला बसायचे. तिथे बाबा वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लोकांकडूनच काढून घ्यायचे. दारू, कर्ज काढून केलेले सण, नवसाला कापलेलं बकरं, शिवाशिव, सगळ्यावर. लोक स्वतःच्या तोंडाने 'हे चुकतंय' म्हणायचे.

म्हणजे ज्या क्रमाने गीता सांगते त्याच क्रमाने. ४१ व्या श्लोकात भगवंत म्हणतात, आधी इंद्रियांपासून सुरुवात कर. बाबांनीही आधी हाताला काम दिलं, मग मनाला गोपाळाचा गजर दिला आणि शेवटी बुद्धीला प्रश्न दिला. आपण उलटं करतो. पहिल्याच दिवशी बुद्धीशी वाद घालतो आणि हरतो.

आणखी एक. गाव एकदा झाडून झालं म्हणून बाबांनी झाडू टाकला नाही. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीपाशी त्यांचा देह पडला, तोवर हे चालूच होतं. धूळ रोज बसते, म्हणून झाडणंही रोजचं.

मग माझं काय झालं?

दवाखान्यानंतर दहा-बारा दिवसांनी अमरावतीच्या गाडगेनगरात बाबांच्या समाधी मंदिरात गेलो होतो. नवस बोलणार होतो. मग लाज वाटली, नवस कुठल्या बाबांपुढे बोलतोय! तसाच बाहेर आलो आणि तीन साध्या गोष्टी ठरवल्या.

ठेल्यावरून जाणारा रस्ता सोडला, लांबचा धरला. चार वाजता तोंडात बडीशेप आणि त्याच वेळी अकरा वेळा नाम. आणि मायला फोन करून खरं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "रोज संध्याकाळी मले फोन करजो. खाल्ला असशीन तरी करजो."

त्या 'तरी'ने मला वाचवलं. चाळीस दिवसांनी एका लग्नात मी परत खाल्ला. पूर्वी अशा वेळी 'गेलंच आता सगळं' म्हणून पुन्हा सुरू केला असता. त्या रात्री फोन केला. ती एवढंच म्हणाली, "उद्या झाडू मार परत."

आज अकरा महिने झाले. तोंड अजून पूर्ण उघडत नाही, कदाचित उघडणारही नाही. तपासणी चालू आहे. पोथीला हात मात्र धुऊनच लावतो.

आजचा अभ्यास

१. तुमची एकच सवय निवडा: खर्रा, रील, चिडणं, काहीही. तिची वेळ, जागा आणि सोबत कागदावर लिहा.

२. बुद्धी कोणती वकिली करते, ते वाक्य जसंच्या तसं लिहा. ते लिहिलेलं दिसलं की त्याचा जोर कमी होतो.

३. त्या जागी काय वाढणार, ते आजच ठरवा. पान रिकामं ठेवू नका.

४. ज्याला 'खाल्ला तरी' फोन करता येईल, असा एक माणूस धरा.

तंबाखूचं व्यसन असेल तर डॉक्टरांनाही दाखवा. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११२-३५६. मदत मागण्यात भक्ती कमी होत नाही.

आणि घरात दुसऱ्या कोणाची सवय बदलायची असेल, तर आज फक्त त्याच्या शेजारी बसा. झाडू आधी, कीर्तन नंतर.

हे गोपाळा, आरसा तुझाच आहे. आजच्या दिवसाची धूळ पुसायची ताकद दे. उद्याची उद्या मागू.

राम कृष्ण हरी!