पोट साफ करणारा आहार: पहिल्या आठवड्यातला त्रास ओळखू या



आपल्या दशसूत्रीत आरोग्याचंही सूत्र आहे. बैठकीत बचत, हप्ता, कर्जाचा अर्ज यांवर आपण तासभर बोलतो आणि आरोग्याचा विषय निघेपर्यंत सगळ्या उठायच्या तयारीत असतात. म्हणून या अंकातला पाठ पोटाचा. आणि तो माझ्या एका चुकीपासून सुरू करते.

आपल्या तालुक्यातल्या एका गटातल्या ताई. द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे जाऊन आल्या, तेव्हापासून पोट फुगणं, आंबट ढेकर, कधी जुलाब तर कधी शौचाला खडा. मोबाईलवर त्यांनी ‘आतडी बरी करणारा २१ दिवसांचा आहार’ पाहिला. भाकरी बंद, भात बंद, डाळ बंद, चहा बंद. फक्त सूप, उकडलेल्या भाज्या आणि एक पावडर. पावडरसाठी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं.

तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. चौथ्या दिवशी विहिरीवर हंडा उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली. पावडर विकणाऱ्याने फोनवर सांगितलं, “विष बाहेर पडतंय, अजून चार दिवस काढा.” ताईंनी बैठकीत मला विचारलं. मी म्हणाले, “सुरुवातीला त्रास होतोच ताई, जरा दम धरा.” मीही तेच व्हिडिओ पाहिले होते ना!

दोन दिवसांनी आशाताईंनी त्यांना उपकेंद्रात नेलं. हिमोग्लोबिन ८.४ निघालं. अंगावर पिणारं आठ महिन्यांचं बाळ. मी त्यांना हे दोन्ही प्रश्न विचारलेच नव्हते. आता ताई बऱ्या आहेत, पण माझं ते “दम धरा” मला अजून टोचतं.

हा आहार आला कुठून?

असे आहार बरेचसे परदेशातून आले. इंग्लंडमधल्या डॉ. नताशा कॅम्पबेल-मॅकब्राइड यांनी २००४ साली पुस्तकातून मांडलेला ‘गॅप्स’ आहार त्यातलाच. त्यात धान्य बंद, हाडांचं सूप आणि आंबवलेले पदार्थ चालू. सुरुवातीच्या त्रासाबद्दल सांगतात की पोटातले वाईट जंतू मरताना विष सोडतात. या म्हणण्याला भक्कम वैद्यकीय पुरावा नाही. शरीरातला नको तो भाग बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतात, त्यासाठी पावडर लागत नाही.

मग त्रास का होतो?

*डोकं दुखणं.* रोज चार-पाच कप चहा पिणारीने तो एकदम तोडला की १२ ते २४ तासांत डोकं धरतं. दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं, काहींचं आठवडाभर राहतं. ही चहाची सवय सुटण्याची डोकेदुखी.

*अशक्तपणा, चक्कर.* भाकरी-भात बंद केला की शरीर साठवलेली साखर वापरतं आणि तिच्यासोबत पाणी आणि मीठही लघवीवाटे जातं. म्हणून पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरतं. आपण खूश होतो, पण त्यात बरंचसं पाणीच असतं.

*शौचाचा त्रास.* भाकरी, डाळ, कडधान्यं गेली की चोथा कमी होतो आणि शौचाला खडा होतो. उलट कुणी एकदम तूप-तेल वाढवलं किंवा रेचक असलेली पावडर घेतली की जुलाब लागतात.

*चिडचिड, झोप न लागणं.* भूक लागलेली असते, एवढंच.

यातलं प्रत्येक दुखणं शरीराची एक मागणी आहे. कधी पाणी, कधी मीठ, कधी पोटभर अन्न. ते द्यायचं.

असा आहार कुणी करूच नये?

- गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता
- हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी (गरोदरपणात ११ पेक्षा कमी) असलेल्या
- सिकलसेल असलेल्या. पाणी कमी पडलं की सिकलसेलचं दुखणं उसळू शकतं. आपल्या भागात हा आजार आहे. तपासणी झाली नसेल तर आधी ती करा.
- मधुमेहाच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या. जेवण कमी आणि गोळी तेवढीच राहिली तर साखर किंवा बीपी एकदम खाली येतं.
- टीबीचे उपचार चालू असलेल्या
- किशोरवयीन मुली, लहान मुलं, आधीच वजन कमी असलेल्या

ही यादी वाचून बैठकीत नजर फिरवा. आपल्यातल्या किती जणी उरतात?

आहार आधीच सुरू केला असेल तर?

१. वरच्या यादीत तुम्ही बसत असाल तर आजच थांबा. थांबणं म्हणजे हरणं नाही. पहिल्या दिवशी नागलीची पेज किंवा मऊ भात, मग भाकरी-डाळ.

२. नुसतं डोकं दुखत असेल तर चहा पुन्हा थोडा घ्या आणि दोन-तीन दिवसांनी एकेक कप कमी करा. जेवणासोबत मात्र चहा नको, अन्नातलं लोह अंगी लागत नाही. एक तास जाऊ द्या.

३. जुलाब किंवा उलट्या होत असतील तर ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर उकळून गार केलेलं १ लिटर पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. थोडं थोडं पीत राहा.

४. मधुमेहाची गोळी घेणारीला घाम, थरथर, छातीत धडधड झाली तर लगेच साखरेचं पाणी द्या आणि दवाखान्यात न्या.

पुढची लक्षणं दिसली तर वाट पाहू नका. बेशुद्ध पडणं, लघवी अगदी कमी होणं, पाणीही पोटात न राहणं, शौचातून रक्त, लोहाच्या गोळ्या चालू नसताना डांबरासारखं काळं शौच, सिकलसेल असताना हातपाय-छाती दुखणं. अशा वेळी १०८ ला फोन करा. वजन आपोआप उतरत असेल किंवा जुलाब दोन आठवडे थांबत नसतील तर डॉक्टरांना दाखवाच. त्यामागे टीबीसारखा आजारही असू शकतो.

मग पोटाच्या तक्रारीचं काय?

ताईंचं पोट खरंच दुखत होतं. ते खोटं नव्हतं. काही आजारांत अन्न बंद करावंच लागतं. सिलियाक नावाच्या आजारात गहू कायमचा सोडतात. आतडं संवेदनशील असणाऱ्यांसाठी ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने एक आहार तयार केला. त्यात काही पदार्थ दोन ते सहा आठवडे बंद ठेवून एकेक करून परत आणतात. पण हे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली होतं, आणि त्याला शेवटची तारीख असते. शेवटची तारीख न सांगणाऱ्या आहारापासून सावध राहा.

घरी आपण एवढं करू शकतो. गटाच्या वहीसारखी एक वही करा. दोन आठवडे काय खाल्लं, किती वाजता, पोटाला काय झालं ते लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा. मग एका वेळी एकच बदल करा. उपाशीपोटी चहा बंद, किंवा तिखट-तेल कमी, किंवा पिण्याचं पाणी उकळून. उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात तेव्हा पोट बिघडण्याचं कारण ताटात नसून हंड्यात असू शकतं. ती वही घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर त्यांचंही काम सोपं होतं.

आणि नागलीला शत्रू करू नका. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच तांदळात १० च्या आसपास. नागली, वरई आणि तांदूळ यांत गव्हातलं ग्लुटेन नाही. म्हणजे शहरातले लोक ‘ग्लुटेन नसलेलं’ म्हणून महाग पाकिटं घेतात, ते आपल्या कणगीत आहे. आंबील आपल्या आजीपासून चालत आली आहे. पोटाला सोसत असेल तर तीही आंबवलेलीच.

पुढच्या बैठकीसाठी प्रश्न

१. आपल्या गटात कुणी असा आहार किंवा पावडर घेत आहे का? तिला न रागावता विचारा.
२. प्रत्येकीचं हिमोग्लोबिन आणि सिकलसेल शेवटचं कधी तपासलं?
३. औषध-पावडरीसाठी कर्ज मागितलं तर ‘डॉक्टरांना दाखवलंस का?’ हे आपण विचारायचं का?

तिसऱ्या प्रश्नावर गटाने ठराव केला तर मला कळवा. आणि मी परत कुणाला “दम धरा” म्हणाले, तर बैठकीतच मला अडवा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, सुरगाणा