डिस्क ‘लिहिलं’ म्हणते तेव्हा

मनोरीतल्या घरून मी लिनक्स कर्नलसाठी स्टोरेज ड्रायव्हर लिहितो, दुरुस्त करतो. सध्या हातात एक पीसीआयई कार्ड आहे: त्यावर फ्लॅश मेमरी, तिच्यापुढे थोडी कॅश. बाजारात त्याला तयार ड्रायव्हर नाही. नव्याने टीममध्ये येणाऱ्या मुलांना जे वारंवार सांगावं लागतं, ते इथे मांडतो.

१. लॉग त्याच डिस्कवर ठेवू नका. डिस्कचाच ड्रायव्हर कोसळला तर शेवटच्या ओळी लिहिल्या जात नाहीत, आणि आपल्याला नेमक्या त्याच हव्या असतात. नेटकन्सोल चालू करा. कर्नलचे संदेश नेटवर्कवरून शेजारच्या लॅपटॉपवर येत राहतात. वाचताना पहिला ऊप्स नीट वाचा. पुढचे बरेचसे त्याचीच पिल्लं असतात.

२. अमुक प्रोसेस १२० सेकंदांहून जास्त काळ अडकली आहे, असं डीमेसेजमध्ये आलं की सगळे त्या प्रोसेसच्या मागे लागतात. तिचा काही दोष नसतो. ती उत्तराची वाट बघत बसलेली असते. ड्रायव्हरने कुठली रिक्वेस्ट पुरी केली नाही, ते शोधायचं. आमच्याकडे अशी एक रिक्वेस्ट अडकायची. कार्डाच्या कम्प्लीशन क्यूमध्ये पाहिलं तर उत्तर येऊन पडलेलं, पण इंटरप्टचा आकडा मात्र जागेवरच. म्हणजे कार्डाने काम केलं होतं, निरोप हरवला होता. हँडलर आधी क्यू रिकामी करायचा आणि मग इंटरप्ट पुसायचा. या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणी आलेलं उत्तर कोणी वाचतच नव्हतं. आधी पुसा, मग वाचा, एवढा क्रम बदलल्यावर ते थांबलं.

३. ब्लॉक लेयरमध्ये सेक्टर कायम ५१२ बाइटचा मोजतात, कार्डाचा ब्लॉक ४०९६ चा असला तरीही. आठाचा हिशेब कागदावर करून बघा.

४. कर्नलच्या आतले इंटरफेस बदलत राहतात, आणि मुख्य सोर्सबाहेर ठेवलेल्या ड्रायव्हरची कोणी वाट बघत नाही. अनेक रांगांची ब्लॉक-एमक्यू पद्धत ३.१३ मध्ये, २०१४ साली आली. जुनी एका रांगेची पद्धत २०१९ मध्ये ५.० ने काढूनच टाकली. शक्य असेल तर ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये द्या. माझ्या मते हेच सगळ्यात स्वस्त पडतं.

५. टेस्टच्या कर्नलमध्ये मेमरीच्या चुका पकडणारं कासान आणि लॉकच्या चुका पकडणारं लॉकडेप चालू असू द्या. मशीन मंदावतं, मंदावू दे.

६. लाइट घालवून बघा. पावसाळ्यात मनोरीत लाइट जाते तेव्हा घरातलं बाकी सगळं इन्व्हर्टरवर असतं, टेस्टचं मशीन मुद्दाम नाही. एरवी ते रिलेने पाडतो. मशीन क्रमांक घातलेले रेकॉर्ड चेकसमसकट लिहितं आणि एफसिंक यशस्वी होऊन परतल्यावरच तो क्रमांक लॅपटॉपला कळवतं. लाइट आली की लॅपटॉपकडे पोचलेला प्रत्येक क्रमांक डिस्कवर सापडलाच पाहिजे.

आमचे शेवटचे काही सापडत नव्हते. चेकसम चुकलेला नाही, लॉगमध्ये एकही एरर नाही, रेकॉर्डच नाहीत. सिसएफएसमध्ये त्या डिस्कच्या राइट कॅशसमोर ‘राइट थ्रू’ दिसलं आणि उलगडा झाला. कार्डावर लाइट गेली की पुसली जाणारी कॅश आहे, हे ड्रायव्हरने कर्नलला सांगितलंच नव्हतं. त्यामुळे फाइलसिस्टीमने मागितलेला फ्लश कर्नल कार्डापर्यंत न पाठवताच पुरा झाल्याचं कळवत होता. कर्नलचं काहीच चुकलं नव्हतं. त्याला मिळालेली माहिती खोटी होती. पॅनिक आलेलं मला परवडतं, कारण ते निदान दिसतं. इथे कोणाचे तरी हिशेब, कोणाचे रिपोर्ट बिनबोभाट गेले असते आणि मशीन ठीक चाललंय असंच वाटलं असतं.

‘राइट बॅक’ जाहीर केल्यावर क्रमांक पुरे सापडू लागले. राइटचा वेग उतरला, तक्रारीही आल्या. मी बदल मागे घेतला नाही. पुढच्या बोर्डावर, लाइट गेल्यावर कॅश फ्लॅशवर उतरवण्यापुरता वेळ देणारे कपॅसिटर बसवायचं ठरलंय. ते याच टेस्टमध्ये टिकले की मगच ड्रायव्हरमध्ये पुन्हा ‘राइट थ्रू’ लिहू. तोवर डेटाशीटवर उतरलेला वेगच छापायचा, हे मी टीमकडून मान्य करून घेतलंय.