दोन भाऊ, दोन संघ

आम्ही दोघे भाऊ. मी धाकटा. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमचं गाव गोव्यात, डिचोली तालुक्यात. घर एक, विहीर एक, माडांची बाग एक. पण फुटबॉलचा विषय निघाला की घरात दोन पक्ष होतात. मी धेंपो संघाचा. दादा साळगावकर संघाचा. पन्नास वर्षं होऊन गेली. अजून तसंच आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी फुटबॉल पाहिला नसेल. म्हणून आधी थोडं सांगतो. या खेळात दोन संघ असतात. एकेका संघात 11 खेळाडू. चेंडू पायानं मारायचा. डोक्यानं, छातीनं अडवला तरी चालतो. मैदानात चालू खेळात चेंडूला हात लावायचा नाही. हात लावायची मुभा फक्त गोलरक्षकाला, तीसुद्धा त्याच्या जागेपुरती. 45 मिनिटं खेळ, मग थोडी विश्रांती, मग पुन्हा 45 मिनिटं. समोरच्याच्या जाळ्यात चेंडू घातला की गोल झाला. एवढंच. लहान पोर पाच मिनिटांत समजतं. आणि म्हातारा झाला तरी माणसाचं मन त्यातून निघत नाही.

गोव्यात हा खेळ जुना आहे. 1883 साली शिवोली गावात एका पाद्रीबाबानं तो मुलांना शिकवला, असं सांगतात. पुढं गावोगावी भात कापून झालं की मोकळ्या शेतातच पोरं खेळू लागली. आम्हीही तसेच खेळलो. पायात काही नसायचं. कापलेल्या भाताचे खुंट पायाला टोचायचे.

आता संघ कसे झाले ते ऐका. कोल्हापुरात पेठांच्या तालमींचे संघ आहेत. कोलकात्याच्या मोठ्या क्लबांना हजारो सभासद आहेत. गोव्यातले मोठे संघ बहुतेक उद्योगवाल्यांनी उभे केले. आमच्याकडे लोखंडाच्या खाणी. खाणवाल्या घराण्यांनी फुटबॉलला पैसा लावला. साळगावकर संघ 1956 सालचा, वास्कोचा. धेंपो संघाचं साल 1968. धेंपो आणि साळगावकर ही दोन्ही खाणीच्या धंद्यातली नावं.

मी खनिजाचा ट्रक चालवायचो. खाणीवरून लाल माती भरायची आणि नदीच्या काठी नेऊन ओतायची. तिथून ती बार्जमध्ये, म्हणजे मालाच्या मोठ्या होडीत, भरत. बार्ज मांडवी नदीतून मुरगाव बंदराला जायची. दादा त्याच बंदरात कामाला होता. वास्कोला खोली घेऊन राहायचा. मी इथं भरलेली माती तिथं जहाजात चढताना तो बघायचा. म्हणजे काम एकाच मातीचं. पण वास्कोत राहिला म्हणून तो साळगावकरचा झाला. मी गावच्या पोरांबरोबर धेंपोचा झालो.

माझा पहिला मोठा सामना पणजीला, कांपालच्या मैदानावर. 1975 च्या सुमाराची गोष्ट. दादाच मला घेऊन गेला होता. धेंपो आणि साळगावकर समोरासमोर. मैदानात शिरल्यावर तो म्हणाला, "तू त्या बाजूला बस. माझ्या शेजारी बसून त्यांच्या नावानं ओरडलास तर आमची माणसं तुला उचलून टाकतील." मी त्या बाजूला गेलो. तिथं माझं कुणी ओळखीचं नव्हतं. पण पहिला हल्ला झाला आणि शेजारच्या अनोळखी माणसानं माझा खांदा असा दाबला की दोन दिवस दुखला. तेव्हापासून ती बाजू माझी.

साळगावकरच्या गोलमध्ये त्या काळी ब्रह्मानंद शंखवाळकर उभा राहायचा. खरं बोलायला हवं. तो आमचा शत्रू, पण त्याची उडी बघायला मीसुद्धा उठून उभा राहायचो. पुढं तो भारताचा कप्तान झाला. 1997 साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. हे दादाला मी आजवर सांगितलेलं नाही.

सामन्याला जाणं सोपं नव्हतं. जुलै 1986 मध्ये मांडवीचा पूल कोसळला. मग बेतीपर्यंत बस, पुढं फेरीबोट. सामना संपून लोक एकदम धक्क्यावर यायचे. फेरीबोटीत जिंकलेले आणि हरलेले एकमेकांना खेटून उभे. भांडायला जागा नसायची. 1989 साली मडगावजवळ फातोर्ड्याला मोठं स्टेडियम झालं. मग आमची वाट तिकडं वळली. रात्री उशिरा घरी यायचो. बायको दार उघडायची. जिंकलो की हरलो ते माझा चेहरा बघूनच तिला कळायचं. हरलो असलो तर ती आमटी गरम करून द्यायची आणि काही बोलायची नाही.

आता थोडं स्पर्धेबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्पर्धा दोन तऱ्हेच्या. एक कपाची. ती कुस्तीच्या फडासारखी. हरला तो घरी. दुसरी साखळीची, तिला लीग म्हणतात. लीगमध्ये प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळतो. एकदा आपल्या गावी, एकदा त्यांच्या. जिंकलं तर 3 गुण, बरोबरी झाली तर 1, हरलं तर काही नाही. महिनोन् महिने हे चालतं. शेवटी ज्याचे गुण जास्त तो विजेता. म्हणून लीग जिंकणं हे खरं कसाचं काम. शेतीसारखंच आहे. एका दिवसाच्या जोरावर पीक येत नाही. देशभरातल्या संघांची अशी राष्ट्रीय लीग 1996 साली सुरू झाली.

1998-99 ची लीग साळगावकरनं जिंकली. ती जिंकणारा गोव्यातला तो पहिला संघ. दादा वास्कोहून पेढ्यांचा पुडा घेऊन आला. अंगणात सगळ्यांना वाटले. शेवटचा पेढा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "घे. तुमच्याकडून मिळायला वेळ लागेल." मी तो पेढा वासराच्या तोंडापुढं धरला. वासरानं खाल्ला. सगळे हसले. दादा हसला नाही.

माझं चुकलं होतं. कळत होतं. पण कबूल कोण करणार? त्या दिवसापासून दादा माझ्याशी कामापुरतं बोलू लागला. चवथीला गणपतीच्या आरतीला शेजारी उभा राहायचा. आईच्या औषधाचं विचारायचा. फुटबॉलचा मात्र एक शब्द नाही. पाच वर्षं गेली. दोघांच्या मध्ये तो विषय नसला तर आम्हाला बोलायला फारसं काही नव्हतंच, हे तेव्हा ध्यानात आलं.

मग 2004 साल आलं. धेंपोचा प्रशिक्षक होता आर्मांदो कुलासो. संघात ब्राझील देशाचा एक गडी आला होता. नाव क्रिस्तियानो ज्युनियर. वय 25. शर्टाचा नंबर 10. आधीच्या वर्षी तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळला होता. त्या वर्षी लीग त्यांनीच जिंकली होती आणि आम्ही दुसरे आलो होतो. तो आता आमच्याकडे. आमच्या गावच्या पोरांनी त्याच्यासारखे केस कापून घेतले होते.

5 डिसेंबर 2004. रविवार. बंगळूरला फेडरेशन कपाचा शेवटचा सामना. समोर कोलकात्याचा मोहन बागान. मी काही बंगळूरला गेलो नव्हतो. इथंच होतो. धेंपोनं 2-0 असा सामना जिंकला. दोन्ही गोल क्रिस्तियानोचे. पण दुसरा गोल मारताना समोरच्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली. तो खाली कोसळला. पुन्हा उठला नाही.

मी नाक्यावर होतो. कुणाचा तरी फोन वाजला. तो पोरगा फोन ऐकता ऐकता खाली बसला. आम्हाला वाटलं हरलो. तो म्हणाला, "जिंकलो." आणि रडायला लागला.

तो माणूस आमचा कोण होता? त्याची भाषा आम्हाला येत नव्हती. त्याचा देश नकाशात कुठं आहे ते मी नंतर विचारून घेतलं. त्याला मी जवळून एकदाच बघितलं होतं, फातोर्ड्याच्या फाटकात, तेही गर्दीतून. तरी त्या रात्री आमच्या घरी चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा आला. वास्कोहून तीन बसगाड्या बदलून. कामावर खाडा करून. ओसरीवर बसला. बायकोनं पाणी दिलं. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "पहिला गोल कसा मारला त्यानं?" मी ऐकलेलं सांगू लागलो. पाच वर्षांनी आम्ही फुटबॉल बोलत होतो. संध्याकाळच्या गाडीनं तो परत गेला. पेढ्याचं त्यानं काढलं नाही, मीही नाही.

क्रिस्तियानोच्या मागं संघानं 10 नंबरचा शर्ट बाजूला ठेवला. त्याच हंगामात धेंपोनं राष्ट्रीय लीग जिंकली. 12 संघ, प्रत्येकाचे 22 सामने. दुसरा आला तो स्पोर्टिंग क्लब, तोही गोव्याचाच. मी पेढे आणले, पण वास्कोला न्यायला पाय उचलेना. शेवटी दादाच आला. दारातूनच ओरडला, "पेढे कुठं आहेत? का वासराला घातलेस?"

त्यानंतरची वर्षं म्हणजे आमची सुगी. 2006-07, 2007-08, 2009-10, 2011-12. पहिली धरून एकूण पाच वेळा धेंपो देशात पहिला. मधे 2007 साली लीगचं नाव बदलून आय-लीग झालं होतं. 2008 साली आशियातल्या संघांच्या एएफसी कपात आमचा संघ उपान्त्य फेरीपर्यंत पोचला. म्हणजे शेवटच्या चार संघांत. नायजेरियाच्या रँटी मार्टिन्सनं 2011-12 च्या एका हंगामात 32 गोल मारले. दादाच्या बाजूनं सांगायचं तर मधली 2010-11 ची आय-लीग साळगावकरची. ते सांगितलं नाही तर हा पाठ तो फाडून टाकील.

2012 साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. कोर्टाचा हुकूम आला. माझा ट्रक अंगणात उभा राहिला. टायरांभोवती गवत वाढलं. ट्रकवर कर्ज होतं. बायकोनं बांगड्या काढून दिल्या. त्या दिवसांत फातोर्ड्याला जायचे पैसेसुद्धा जड वाटायचे. तरी मी जात होतो. बायको म्हणायची, "जा. घरात बसलास तर ट्रककडेच बघत बसशील."

मग संघाचीही घसरण झाली. 2014-15 च्या लीगमध्ये धेंपो खाली राहिला. लीगचा नियम असा की जो तळाशी जातो त्याला पुढच्या वर्षी खालच्या विभागात खेळावं लागतं. पाच वेळचा विजेता खाली गेला. पण वर्षभरात खालची स्पर्धा जिंकून पुन्हा वर यायचा हक्क त्यानं मिळवला. मी ट्रक विकून नुकतीच छोटी गाडी घेतली होती. वाटलं, आता दोघेही उभे राहिलो.

आणि जून 2016 मध्ये बातमी आली. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग, गोव्याचे हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. देशाच्या फुटबॉल महासंघानं स्पर्धांची नवी मांडणी पुढं ठेवली होती. 2014 साली सुरू झालेली इंडियन सुपर लीग वर आणि आय-लीग तिच्या खाली, असा बेत होता. क्लबांना तो पटला नाही. त्यांचा हिशेब त्यांच्यापाशी. पैसा त्यांचा, निर्णयही त्यांचा. कोलकात्यासारखे आम्ही सभासद नव्हतो. आम्हाला कुणी विचारायचं कारणच नव्हतं. चाळीस वर्षं "आमचा संघ" म्हणत होतो, पण त्याच्या एकाही कागदावर आमचा अंगठा नव्हता. हे मला त्या दिवशी कळलं, आणि वाईट वाटलं ते अजून वाटतं.

रात्री दादाचा फोन. तो तोवर नोकरीतून निवृत्त होऊन वास्कोलाच राहिला होता. म्हणाला, "अरे, मोठ्या लीगमध्ये आता भांडायचं कुणाशी?"

दोन्ही संघ गोव्याच्या लीगमध्ये मात्र खेळत राहिले. एकदा म्हापशाच्या दुलेर मैदानावर त्यांचा सामना होता. दादा आला. मीही गेलो. माणसं अगदी थोडी. चणेवाला आला, फिरला आणि निघून गेला. सवयीनं मी "त्या बाजूला" जायला लागलो. दादानं शर्टाला धरून मागं ओढलं. "कुठं जातोस? तुला उचलून टाकायला आता माणसं आहेत कुठं?" आम्ही एका पायरीवर बसलो. दोघं एका बाजूला बसून पाहिलेला तो आमचा पहिला सामना. दोघांनीही ओरडायचं टाळलं. एकदा धेंपोचा फटका खांबाला लागून गेला तेव्हा दादा "अरेरे" म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो चप्पल झटकू लागला.

2024 साली धेंपो खालच्या विभागात दुसरा आला आणि आठ वर्षांनी पुन्हा आय-लीगमध्ये जायचा हक्क त्याला मिळाला. नातवानं मोबाईलवर बातमी दाखवली. मी ती दोनदा वाचली. मग दादाला फोन लावला. त्याला आता कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं सांगितलं. पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मला वाटलं फोन कटला.

"बरं झालं," तो म्हणाला. "पेढे घेऊन ये. साखर कमी असलेले आण, डॉक्टरांनी सांगितलंय. आणि पहिली लीग कुणी जिंकली होती, ते नातवाला नीट सांगून ठेव."