दादाच्या पायाला काय लावलंस?

डोंबिवली

चि. निखिल,

काल वहिनीचा फोन आला. दादाच्या तळपायाच्या जखमेचं सांगता सांगता ती सहज बोलून गेली, "निखिलनं लॅबमधलं जेल आणून दिलंय, कोळंबीच्या टरफलांचं. गणपतीपासून तेच लावतोय." तिला केवढं कौतुक! माझा मात्र रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

कायटोसान म्हणजे काय हे मला समजावू नकोस. टरफलं आम्लात घालून त्यातला चुना काढायचा, अल्कलीनं प्रथिन काढायचं, मग आणखी कडक अल्कलीत तापवायचं, हे सगळं तूच माझ्या ओट्याशी उभा राहून सांगितलं होतंस. रक्त थांबवायला त्याच्या पट्ट्या सैन्यात वापरतात हेही ठाऊक आहे. वस्तू वाईट आहे असं मी म्हणतच नाही. मी एवढंच विचारते, ती बाटली माणसाला लावायला भरली होती का?

कोळंबी खाल्ली की दादाच्या अंगावर गांधी उठतात. मालवणच्या लग्नात काय झालं ते विसरलास? तू म्हणशील, आत्या, ॲलर्जी प्रथिनाची असते, कायटोसानची नाही. कबूल. मग त्या बॅचमध्ये प्रथिन किती उरलंय ते मोजलंस का? आणि एंडोटॉक्सिन? ऑटोक्लेव्हमध्ये जंतू मरतात, पण त्यांच्या भिंतीचे तुकडे तसेच राहतात आणि जखमेत सूज आणतात. उंदरावर छान भरून आली म्हणशील, तर उंदराची जखम बरीचशी कातडी आक्रसून मिटते. माणसाचं तसं नाही, त्यातून मधुमेहानं बधिर झालेल्या पायाचं तर नाहीच. दादा "दुखत नाही" म्हणतो, त्यावर जाऊ नकोस. त्याला दुखणारच नाही.

जळिताच्या वॉर्डात माझी सगळी नोकरी गेली. जखमेवर काही सुकून त्याचा पापुद्रा धरला की वरून सगळं कोरडं, स्वच्छ दिसतं. सलाईननं भिजवून, हलक्या हातानं कड उचलावी, तर खाली पू. दादाच्या पायाखाली काय चाललंय ते वहिनीला चष्मा लावूनही दिसणार नाही.

नवं काही करूच नये असं नाही रे. ऐंशीच्या दशकात मुंबईत वाडिया हॉस्पिटलात डॉ. केसवानींनी भाजलेल्या जखमांवर बटाट्याच्या सालींची ड्रेसिंग वापरली. साली गॉझवर चिकटवून निर्जंतुक केलेल्या. पण ती उघडपणे, पेशंटवर लक्ष ठेवून, नोंदी करून, निष्कर्षही छापले. आणि तिकडे स्टॉकहोमला कॅरोलिन्स्कामध्ये मॅकियारिनीनं २०११ पासून प्लास्टिकच्या श्वासनलिकेवर रुग्णाच्याच मूळपेशी पेरून ती माणसांत बसवली. आधी प्राण्यांवर नीट तपासलेली नव्हती. तिथले तिन्ही रुग्ण गेले. २०२३ मध्ये वरच्या कोर्टानं त्याला अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. तू काही मॅकियारिनी नाहीस, हे मला कळतं. पण घाई त्यानं केली तीच, आणि तुझ्या हाती तर सख्ख्या बापाचा पाय आहे.

उलट, श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांनी हृदयाची झडप केली, तिचे पहिले तीन नमुने फसले. चौथा १९९० च्या डिसेंबरात पहिल्यांदा माणसात बसला. तीनदा फसल्यावर ती बनवणाऱ्यांना काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

मलाही पुढं शिकायचं होतं. ड्रेसिंगच्या नोंदी मी वहीत काढायचे, डॉक्टर त्या मागून न्यायचे. पण नाईट ड्युट्या, आईचं आजारपण, धाकट्यांची लग्नं यात राहून गेलं. तू पीएच.डी.ला लागलास तेव्हा त्या वह्या मी बाहेर काढल्या होत्या, तुला सांगितलं नाही. म्हणून सांगते, एथिक्स कमिटीला न विचारता लॅबची वस्तू घरी गेली हे उद्या बाहेर आलं तर तुझी इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाईल. आणि दादाचा पाय? पुन्हा तेच येतं बघ माझ्या मनात.

फार बोलले. रागावू नकोस. बोट कापावं लागेल असं डॉक्टर म्हणाले होते ना, तेव्हा तू घाबरला असशील. मला फोन का नाही केलास रे? दोघं मिळून घाबरलो असतो.

आता जेल बंद कर. काय लावलं, किती दिवस लावलं, ते डॉक्टरांना खरं सांग, तुझ्या सरांनाही. साखर, पायातलं रक्त आणि हाड बघून घ्यायला हवं, आणि त्या पायावर भार येता कामा नये. जखमेत काय घालायचं ते त्यानंतर. मी शुक्रवारी चिपळूणला येतेय. ड्रेसिंग मी करीन, दादानं आरडाओरडा केला तरी. तू शनिवारी ये. माझ्या वह्या आणते, तुझ्या थीसिसला उपयोग झाला तर बघ, नाहीतर नुसत्याच चाळ. आणि येताना उपाशी निघू नकोस, घाटात तुला गाडी लागते.

तुझी,
शालूआत्या