माणदेशांतील बोराटी

महाबळेश्वरीं वर्षाकांठीं ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यांतील माण-खटावांत, तसाच सांगलीच्या आटपाडी-जतेंत, तो अवघा ५०० च्या आसपास असतो. अशा उजाड माळावर बोराटी हें कांटेरी झुडूप तग धरतें. तिचीं मुळें खोल जाऊन ओलावा शोधतात; इवल्याशा पानांच्या खालच्या बाजूस दाट लव असल्यामुळें बाष्प कमी उडतें. धनगरांच्या शेळ्यामेंढ्या तिचा पाला खातात. कोल्हे बोरें खाऊन बिया दूरवर पसरवितात. तिच्या जाळींत ससा आसरा घेतो आणि सशावर लांडगा जगतो. सरपणासाठीं किंवा कुंपणासाठीं बोराटी मुळासकट उपटली, तर ही सारी सांखळीच तुटते. छाटलेल्या बुंध्यास मात्र पुन्हां धुमारे फुटतात. यास्तव फांद्या तोडाव्या, पण मूळ राखावें.